अंदाज जिल्ह्याचा, पाऊस वाडीचा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. "मुंबईत मुसळधार" एवढाच अंदाज धरला तर तो कुलाब्याला तंतोतंत खरा ठरतो, आणि सांताक्रूझच्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

कोकणात हे रोजचंच. समुद्र आणि सह्याद्री यांच्यामध्ये पन्नास-साठ किलोमीटरची चिंचोळी पट्टी, तिच्यात किनारा, कातळ, खाडी आणि घाटाचा पायथा. मोबाइलवरचं हवामान म्हणजे बहुधा एखाद्या जागतिक मॉडेलने दहा-वीस किलोमीटरच्या चौकोनासाठी काढलेला एकच आकडा. चौकोनाचं एक टोक समुद्रात आणि दुसरं डोंगरात असेल, तर तो आकडा धड कुठलाच नसतो. म्हणून ढगाचं चित्र बाजूला ठेवा आणि हवामान खात्याचं जिल्हावार पत्रक वाचा. तेही शब्दाला शब्द धरून.

पत्रकातल्या प्रत्येक शब्दामागे ठरलेला आकडा आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. बातम्यांत हे शब्द सर्रास इकडचे तिकडे होतात, तेव्हा आकडा मिळाला तर तोच धरा. त्याहून महत्त्वाचा शब्द आधी येतो आणि तोच लोक गाळतात. "तुरळक ठिकाणी" म्हणजे जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर. "काही ठिकाणी" निम्म्यापर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" ७५ टक्क्यांपर्यंत, "बहुतांश ठिकाणी" त्याच्या वर. तुरळक ठिकाणी मुसळधार असं म्हटलं आणि तुमच्याकडे ऊन पडलं, तरी अंदाज चुकला असं होत नाही. चारातल्या निदान तीन गावांत मुसळधार होणारच नव्हता.

आता आपलं गाव नेमकं कुठल्या गटात बसतं, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

पर्जन्यमापक

१६ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं आणि दहा लिटरचा कॅन घ्या. या नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर होतं, म्हणून कॅनमधलं २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. दुसऱ्या मापाचं नरसाळं असेल तर आतला व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ करा, ते झालं क्षेत्रफळ. मिलिलिटरला दहाने गुणून त्याने भागलं की मिलिमीटर निघतात. पाच लिटरचा कॅन नको. तो २५० मिलिमीटरला भरतो, आणि ज्या दिवशी मोजायलाच हवं नेमका त्याच दिवशी वाहून जातो.

नरसाळ्याला वर चार बोटं उभी कड हवी, नाहीतर जोराचे थेंब उतरत्या बाजूवर आपटून बाहेर उडतात. तोंडाशी मच्छरदाणीचा तुकडा लावा, एक पान अडकलं तरी दिवस फुकट. कॅन निम्मा जमिनीत पुरून पक्का करा, आणि कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर ठेवा. खाली असेल तर मातीचे शिंतोडे आत येतात.

खरी पंचाईत जागेची. झाड किंवा घर जितकं उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब, असा नियम आहे. पंधरा मीटरच्या माडापासून तीस मीटर मोकळी जागा वाडीत कुठून आणायची? मग खळं, कातळ किंवा शाळेचं मैदान बघा. पागोळीजवळ ठेवलेला मापक पाऊस मोजत नाही, छप्पर मोजतो.

वही

रोज सकाळी साडेआठला मोजा. खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो आणि आकडा मोजलेल्या तारखेला लिहितात. म्हणजे कालचा अंदाज आजच्या मापाशी जुळवायचा. इथे एक दिवसाची गल्लत झाली की सगळी वही चुकते. शेजारी लिहा: आदल्या दिवशीचा अंदाज, इशाऱ्याचा रंग, पाऊस दिवसा की रात्री, वारा कुठून. महिनाअखेरीस चार बेरजा करा. सांगितला आणि पडला, सांगितला आणि नाही पडला, न सांगता पडला, न सांगता नाही पडला. एका हंगामात तुमच्या गावचा कल दिसू लागतो. जून-जुलैची वही ऑक्टोबरला लावू नका, तो पाऊस वेगळ्या जातीचा.

भातकापणी

परतीच्या दिवसांत समुद्रावरून ढग येत नाहीत. दुपारच्या तापाने ते घाटमाथ्यावर उभे राहतात आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर संध्याकाळी खाली उतरतात, विजा घेऊन. असा ढग कुठल्या गावावर फुटेल हे आदल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. म्हणून इथे पाच दिवसांचा अंदाज फक्त कापणीचा क्रम ठरवायला घ्या: हळवं (लवकर पिकणारं) भात आधी, गरवं (उशिरा पिकणारं) मागून. रोजचा निर्णय त्या दिवशीच करा.

लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे पिवळे झाले की कापणीला उशीर नको, आणि आठ-दहा दिवस आधी खाचरातलं पाणी काढलेलं असू द्या. दव उतरल्यावर विळा लावा. अकराच्या सुमारास पूर्वेला बघा: ढग फुलकोबीसारखे वर चढत असतील आणि उकाडा असह्य असेल, तर कापणी तिथेच थांबवून भारे बांधा. तेवढंच कापा जेवढं चारच्या आत झोडून किंवा उचलून होईल. कापणी अंदाजावर नाही, घरातल्या हातांवर ठरते. दुपारनंतर खात्याचा तीन तासांचा तात्कालिक इशारा आणि 'दामिनी' अॅप बघत राहा, ते २० आणि ४० किलोमीटरच्या टापूतली वीज दाखवतं. पूर्वेकडून एकदम गार वारा सुटला तर ताडपत्रीखेरीज दुसरं काही करायला वेळ नाही.

झोडलेल्या भातात २० टक्क्यांच्या आसपास ओल असते. १४ च्या खाली आणल्याशिवाय कणगीत टाकू नका. ताडपत्रीखाली झाकलेलं भात तसंच रात्रभर ठेवलं तर आत वाफ धरते. पाऊस थांबताच उघडा.

रडारचं चित्र बघायला हरकत नाही, पण रत्नागिरीकरांनी एक लक्षात ठेवावं. पणजीचं रडार पावणेदोनशे किलोमीटरवर, मुंबईचं त्याहून लांब. पृथ्वीच्या गोलाईमुळे इथवर येईतो झोत तीन किलोमीटरच्या वर गेलेला असतो. ऑक्टोबरचा उंच ढग त्यात सापडतो, पण जुलैतला बुटका ढग खालून निसटतो. स्क्रीन कोरी आणि अंगणात धो धो, हे त्यामुळे.

आंब्याला फवारणी असेल तर खारा वारा सुटायच्या आत, सकाळीच उरका. औषध पानावर वाळायला हवं. पाऊस नसून नुसतं मळभ असलं तरी तुडतुडे आणि भुरी वाढतात, तेव्हा "पाऊस नाही" वाचून निर्धास्त होऊ नका. होडीवाल्यांनी पाऊस बघूच नये, वारा आणि लाटांची उंची बघावी. बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याचा इशारा) लागला की विषय संपला, होडी काढायची नाही.

आणि लाल इशाऱ्याच्या दिवशी वही मिटून ठेवा. तुमच्या अंगणातला मापक नदीच्या उगमाकडचा पाऊस मोजत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. खाडीत उधाणाची भरती असली की वरून आलेलं पाणी तुंबतं. अशा वेळी भरतीचं कोष्टक काढा, पाणी चढायची वेळ बघा, आणि कॅन कोरडा असला तरी गाडी, बियाणं आणि कागदपत्रं आधी वरच्या मजल्यावर किंवा उंचावर न्या.