सांडपाण्याच्या लॅगूनचा बांध: या चुका टाळा

छोट्या वस्तीच्या लॅगूनवर, म्हणजे सांडपाणी साठवून शुद्ध करायच्या तळ्यावर, जो कोणी कामाला असतो त्याचं सगळं लक्ष पाण्याकडे, वास मारतोय का, शेवाळ किती आलंय, गाळ किती साठलाय, आणि बांधाच्या बाहेरच्या बाजूला महिनोन्‌महिने कोणी फिरकतच नाही. पण १ हेक्टरच्या तळ्यात दीड मीटर पाणी म्हणजे दीड कोटी लिटर मैलापाणी होतं आणि ते निव्वळ मातीच्या भरावाने अडवलंय, म्हणजे ते धरणच झालं ना.

सगळ्यात घातक चूक होते ती पाझर दिसल्यावर. बाहेरच्या पायथ्याला ओल दिसली की चार घमेली चिकणमाती आणून थापायची, झालं काम! अजिबात नको. बाहेर पडायची वाट बुजवली की भरावातला दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून फोडून निघतं, तिथे पाणी जाऊ देणारा पण माती अडवणारा थर लागतो, म्हणजे आधी स्वच्छ वाळू आणि वर खडी. त्याआधी ते पाणी बरणीत भरून थोडा वेळ ठेवा. लॅगूनचं पाणी मुळातच हिरवट असतं त्यामुळे नुसतं बघून कळत नाही, बरणीच्या तळाला माती बसली तर भराव आतून पोखरला जातोय. मग थांबायचं नाही, लगेच इंजिनिअरला बोलवा आणि खालच्या बाजूच्या लोकांना हलवा. अमेरिकेतल्या टीटन धरणाला ५ जून १९७६ च्या सकाळी गढूळ पाझर दिसला आणि दुपारी बाराच्या आत धरण गेलं, ते कितीतरी मोठं होतं पण माती वाहून जायची पद्धत तीच.

याच्या उलट चूक म्हणजे उगाच घाबरून तळं झपाट्याने रिकामं करणं, आतला उतार भिजलेला असतो, पाण्याचा आधार एकदम गेला की तो घसरतो. पातळी उतरवायची तर हळूहळू.

सावली बरी म्हणून बांधावर झाडं वाढू देतात. नको. मोठं झाड नुसतं कापूनही भागत नाही, मुळं कुजली की पाण्याला आयतं भुयार मिळतं, म्हणून मुळासकट काढून खड्डा थराथराने ठोकून भरावा लागतो. गवत हवं, पण कापलेलं, नाहीतर घुशींची बिळं दिसणार कशी? पाइप बांधातून जातो तिथे तर हटकून बघा, पाझर बहुतेकदा पाइपच्या कडेकडेने येतो.

पावसाळ्याआधी पाण्याच्या वर ६० ते ९० सेंटीमीटर बांध मोकळा राहतोय का ते मोजा, आणि मोजायचं ते माथ्याच्या सगळ्यात खचलेल्या जागी, कारण पाणी तिथूनच ओसंडणार. जागा कमी पडते म्हणून सांडव्यात वाळूच्या गोण्या रचणारे महाभागही असतात, त्या आधी काढा.