दंतचिकित्सालयातील पारा सांडपाण्यात जाऊ देऊ नका
दंतचिकित्सालयातील कचरा कमी करण्याचा विचार बहुधा कागदी पेल्यांपासून सुरू होतो. खरे तर पहिले लक्ष दातांत भरल्या जाणाऱ्या 'चांदी'कडे द्यावे, कारण या मिश्रधातूच्या, म्हणजे अमाल्गमच्या, वजनाचा सुमारे ५० टक्के भाग पारा असतो. जुने भरण काढताना निघणारे कण सक्शनवाटे (तोंडातील पाणी-लाळ ओढून घेणाऱ्या नळीवाटे) सांडपाण्यात जातात, म्हणून त्या वाहिनीवर आयएसओ १११४३ मानकानुसार किमान ९५ टक्के कण अडवणारा अमाल्गम सेपरेटर बसवावा. वाहिन्या ब्लीचने धुऊ नयेत. त्याने साठलेला पारा विरघळून बाहेर पडतो. अमाल्गम असलेले काढलेले दात ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) किंवा जाळायच्या कचऱ्यात न टाकता, उष्णतेने पाऱ्याची वाफ होते हे ध्यानात घेऊन, घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळे साठवावेत. पेले स्टीलचे ठेवले तर उत्तमच.