जुन्या स्कॉटिश कॅडीच्या आठवणी कशा जपाव्यात

गोल्फच्या गुणपत्रिकेवर खेळाडूचे नाव असते, त्याची पिशवी वाहणाऱ्या कॅडीचे नसते. स्कॉटलंडच्या किनारी मैदानांवर ज्याने उभे आयुष्य काढले, अशा कॅडीच्या कामाचा लेखी पुरावा त्यामुळे जवळजवळ नसतोच. तो गेला की काही काळातच त्याच्या जागी एक ठरावीक सोंग उभे राहते: तिरकस बोलणारा, व्हिस्कीचा शौकीन, नवख्या खेळाडूची टोपी उडवणारा म्हातारा. लोकांना हे सोंग आवडते म्हणूनच ते टाळायला हवे. एखाद्या लाडक्या कॅडीचे स्मरण करायचे असेल, मग ते लेखाच्या रूपाने असो, सभेतील भाषणाच्या किंवा त्याच्या नावाने ठेवलेल्या बाकाच्या, तर सुरुवात त्याच्या विनोदांपासून न करता त्याच्या कामापासून करावी.

काम म्हणजे नेमके काय, हे टिप अँडरसन यांच्या उदाहरणावरून कळते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावचे हे कॅडी अमेरिकन गोल्फपटू अर्नोल्ड पामर यांच्यासोबत असत. 1961 साली रॉयल बर्कडेलला आणि 1962 साली ट्रूनला पामर ओपन ही ब्रिटनमधील मोठी गोल्फ स्पर्धा जिंकले, तेव्हा पिशवी अँडरसन यांच्याच खांद्यावर होती. 1964 साली सेंट अँड्र्यूजच्या ओपनला पामर आले नाहीत. अँडरसन त्या वेळी टोनी लेमा या खेळाडूच्या वाट्याला आले. लेमा यांना या मैदानाची ओळख नव्हती आणि सरावाला वेळ जेमतेम मिळाला होता, तरीही त्यांनी जॅक निकलस यांना पाच फटक्यांनी मागे टाकले आणि यशाचे मोठे श्रेय आपल्या कॅडीला उघडपणे दिले. नोंदवहीत विजेता म्हणून लेमा यांचेच नाव आहे. तुम्हाला ज्याची आठवण लिहायची आहे, त्याचा असा एखादा दिवस शोधणे हे पहिले काम समजावे. तो ओपनचा दिवस असण्याची गरज नाही. एखाद्या पाहुण्याची दुपारची फेरी असली तरी पुरेसे आहे.

त्यासाठी माणसांना भेटावे लागते, आणि आधी वयाने सर्वांत मोठ्या माणसांना भेटावे. सोबतचे कॅडी, मैदानावर फेऱ्यांची वेळ लावून देणारे कर्मचारी, गवताची निगा राखणारे, आणि वर्षानुवर्षे त्यालाच मागून घेणारे खेळाडू यांच्याकडे बहुतेक माहिती असते. घरच्यांना त्याचा स्वभाव माहीत असतो, पण मैदानावर तो काय करत असे हे क्वचितच ठाऊक असते. प्रश्न मात्र नीट विचारला पाहिजे. “ते माणूस म्हणून कसे होते?” असे विचारले की “फार चांगले होते, आता तसे कॅडी राहिले नाहीत” एवढेच उत्तर मिळते, आणि ते कोणाविषयीही खरे असते. त्याऐवजी “सतराव्या होलवर वारा समोरून असला तर दुसऱ्या फटक्याला ते कोणता क्लब (काठी) काढून देत?” असे विचारून पाहावे. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानाच्या त्या होलवर, म्हणजे त्या टप्प्यावर, हिरवळीच्या (भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या) पुढे डाव्या अंगाला रोड बंकर नावाचा वाळूचा खड्डा आहे आणि मागे रस्ता व भिंत आहे, त्यामुळे सल्ला देणाऱ्याचा स्वभाव तिथे लपत नाही. एखादा कॅडी खेळाडूला थेट भोकातल्या ध्वजाकडे मारू देई, तर दुसरा निमूटपणे छोटा क्लब पुढे करून चेंडू हिरवळीच्या अलीकडे ठेवायला लावी. उत्तर देणारा मग आपोआप पुढचे सांगू लागतो: खेळाडूने ऐकले नाही तेव्हा तो काय बोलला, किंवा काहीच न बोलता कसा पुढे चालू लागला.

मुलाखत शक्य तर मैदानावर चालत घ्यावी. सेंट अँड्र्यूजला हे सोपे जाते, कारण मोठ्या स्पर्धा सोडल्यास ओल्ड कोर्सवर रविवारी खेळ बंद असतो आणि लोक तिथे फिरायला येतात. या मैदानावर 112 बंकर आहेत आणि त्यांतले बरेचसे टीवरून, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून, दिसतच नाहीत. म्हणून जुने कॅडी खेळाडूला दूरवरचा एखादा मनोरा किंवा झुडूप दाखवून “त्यावर मार” असे सांगत. चौदाव्या होलवर हेल बंकरच्या काठाशी उभे राहून सोबत्याला विचारा की आपला माणूस नेम कशावर धरायला लावत असे, आणि जे सांगितले जाईल ते त्याच जागी टिपून घ्या. घरी बसून विचारले असता हा तपशील बहुधा आठवत नाही.

तरुण वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण लागेल. अंतर मोजणारी उपकरणे सरसकट येण्यापूर्वी कॅडी नजरेने आणि पावलांनी अंतर सांगत असे. शिवाय 2019 च्या नियमांनंतर खेळाडू पवित्रा घेऊ लागला की कॅडीला त्याच्या मागे फटक्याच्या रेषेत मुद्दाम उभे राहता येत नाही, आणि हिरवळीवरून मारताना ध्वज भोकातच ठेवण्याची मुभा मिळाली आहे. ध्वज धरणे हे पूर्वी कॅडीचे नित्याचे काम होते. एवढे एका परिच्छेदात उरकावे, त्याचा इतिहास लिहीत बसू नये.

सरकारी नोंदी नंतर पाहाव्यात. स्कॉटलंडमध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सक्तीची नोंदणी 1855 पासून आहे आणि स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर तिचा शोध घेता येतो. मात्र गेल्या पन्नास वर्षांतील मृत्युनोंदींची प्रत तिथे थेट पडद्यावर उघडत नाही, दाखला मागवावा लागतो. मृत्युनोंदीत व्यवसाय आणि आईवडिलांची नावे असतात. व्यवसायाच्या रकान्यात कॅडी हा शब्द नसला तर दचकू नये. मासेमारी किंवा दुसरे एखादे काम सांभाळून कॅडीचे काम करणारे पुष्कळ होते, आणि तो दुसरा धंदा लेखात आलाच पाहिजे, कारण हिवाळ्यात चूल त्यावरच पेटत असे.

आता लेखन. त्याची वाक्ये तो बोलला तशीच, पण कमी द्यावीत. स्कॉट बोलीचा ठसका दाखवण्यासाठी प्रत्येक शब्दाची मोडतोड केली की माणूस नाटकातला नोकर वाटू लागतो. विनोदी किस्सा एकच ठेवावा, आणि तोही ज्याने स्वतः ऐकला त्याच्या नावावर. कॅडींचे बरेच किस्से कित्येक दशके एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर फिरत आहेत आणि दर वेळी नव्या नावाला चिकटतात. दारूचा विषय खरा असेल तर घरच्यांना विचारून एका साध्या वाक्यात लिहावा. तो झाकणेही नको आणि त्यावर हशा मिळवणेही नको. तारखा, मैदानाचे नाव आणि खेळाडूंची नावे मात्र दोन माणसांकडून पडताळून घ्यावीत.

कायमचे स्मारक करायचे असेल तर परवानगी आधी घ्यावी. सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलच्या दफनभूमीत एकोणिसाव्या शतकातील ओपन विजेता धाकटा टॉम मॉरिस याचे स्मारक आहे, ज्यात तो फटक्याच्या पवित्र्यात कोरलेला आहे आणि ज्यासाठी साठ गोल्फ संस्थांनी वर्गणी दिली होती. कॅडीच्या वाट्याला असे काही येत नाही, आणि तशी हौस करण्याचे कारणही नाही. कबरीच्या दगडावर नावाखाली “कॅडी” एवढा शब्द आणि मैदानाचे नाव असले तरी मला ते पुरेसे वाटते. बाक ठेवायचा असल्यास मैदान चालवणाऱ्या संस्थेला किंवा स्थानिक कौन्सिलला विचारावे. रक्षा विखुरण्याची इच्छा अनेक घरांत असते, पण ती हिरवळीवर कधीही टाकू नये: राखेतील क्षारांनी ते बारीक गवत जळते, आणि ज्याने आयुष्यभर फटक्यांनी उखडलेली ढेकळे जागच्या जागी बसवली त्याला हे रुचले नसते.

त्याचा बिल्ला, टोपी, टॉवेल आणि छायाचित्रे एकत्र ठेवावीत. प्रत्येक छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने कोण, कुठे आणि केव्हा हे लिहावे, शाईने लिहू नये. ध्वनिमुद्रण केले असेल तर बोलणाऱ्याची लेखी संमती त्याच दिवशी घ्यावी. पूर्ण लेखाची एक प्रत घरच्यांना द्यावी, एक गोल्फ क्लबच्या संस्थेला आणि एक गावच्या ग्रंथालयाला. सेंट अँड्र्यूजचा माणूस असेल तर तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आणि गोल्फ संग्रहालयाकडेही विचारणा करावी, आणि पाठवताना प्रत्येक आठवण कोणी सांगितली त्याची यादी सोबत जोडावी.