दोन प्रोजेक्टरवर रीळ बदलताना

इंग्लंडमधल्या हार्विचचं 'इलेक्ट्रिक पॅलेस' हे थिएटर १९११ सालचं. १९५६ला बंद पडलं, १९८१ला पुन्हा उघडलं आणि स्वयंसेवक ते चालवतात. अशा जुन्या थिएटरात ३५ मिमी फिल्म दाखवायची तर नवख्याने आधी रीळ बदलायला शिकावं.

२००० फुटांचं रीळ सेकंदाला २४ फ्रेमने साधारण २२ मिनिटं चालतं. तेवढ्यात दुसऱ्या प्रोजेक्टरवर पुढचं रीळ चढवा. लीडरवरचा (रिळाच्या सुरुवातीच्या, उलट मोजणीचे आकडे असलेल्या पट्टीवरचा) ८ आकडा गेटमध्ये, म्हणजे प्रकाश फिल्ममधून जातो त्या चौकटीत ठेवा. मोटर हळू वेग घेत असेल तर त्यापुढचा, चित्राच्या जवळचा आकडा. गेटच्या वर आणि खाली लूप, म्हणजे फिल्मचा ढिला वळसा सोडाच. खालचा लूप चुकला की ओठ आणि आवाज जुळत नाहीत, कारण आवाजाचा पट्टा चित्राच्या २०-२१ फ्रेम पुढे असतो. लूप सुटला तर चित्र थरथरतं, चाकाचे दाते फिल्म फाडतात. चढवल्यावर हाताने चाक फिरवून बघा. इथला आळस महागात पडतो.

पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू. साधारण ७ सेकंदांनी दुसरा. तेव्हा चित्र आणि आवाज एकदम दुसऱ्या प्रोजेक्टरवर बदला. या वेळी गप्पा बंद!

नायट्रेट फिल्म (जुनी, पटकन पेट घेणारी) मात्र साध्या बूथमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीत लावायचीच नाही, ती भडकली की पाण्यानेही विझत नाही.