डीपी जळाली की वर्गणी कशी गोळा करायची

हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायच्या टायमालाच डीपी, म्हणजे शेतातल्या मोटारींना लाईट देणारा ट्रान्सफॉर्मर, जळते हे मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. मग डीपी न्यायला-आणायला गाडीभाडं आलं, हमाली आली, आणि डीपीवरचे पंधरा-वीस जण एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसतात, कारण पैसे कुणी पण देवो, लाईट आली की मोटार सगळ्यांचीच चालू होते. गेम थिअरीत, म्हणजे माणसं एकमेकाकडं बघून निर्णय कसे घेतात त्याच्या अभ्यासात, याला पब्लिक गुड्स गेम म्हणतात: प्रत्येकानं सगळ्यांच्या डब्यात हवे तेवढे पैसे टाकायचे, आणि डब्यातले पैसे वाढवून सगळ्यांना सारखे वाटायचे, टाकले असोत वा नसोत.

नुसता स्वतःचा फायदा बघणारा माणूस धरला तर इथं कुणी रुपया पण देऊ नये. पण प्रयोगात लोक पहिल्या फेरीत हातातल्या पैशातले साधारण निम्मे टाकतात आणि मग फेरीगणिक आकडा खाली खाली येत जातो. का येतो? फिशबाखर, गेख्टर आणि फेर या अर्थशास्त्रज्ञांच्या 2001 च्या प्रयोगात जवळपास निम्मे लोक असे निघाले की बाकीचे देत असतील तर मी पण देतो, आणि साधारण तीस टक्के काहीच न देणारे. हे निम्मे लोक मनानं चांगलेच असतात पण शेजाऱ्याचा हात खिशात गेला का ते आधी बघतात, आणि फुकट्याला बघून त्यांचा पण हात आखडतो.

म्हणून वर्गणी घरोघर गुपचूप मागत फिरू नका. आधी दोन-तीन देणाऱ्यांना गाठा, त्यांचे पैसे घ्या, आणि मग सगळ्यांना पारावर बोलवून तिथंच देणाऱ्यांची नावं वाचा, आणि डीपीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण टाका. फोनवर उरकू नका, समोरासमोर नुसतं बोलणं झालं तरी सहकार्य वाढतं हे सामायिक साधनांच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सोबत्यांनी 1992 मध्ये दाखवलंय.

वाटा मोटारीच्या एचपीवर लावा. समजा खर्च 6000 आणि डीपीवर सगळ्या मिळून 60 एचपी, तर एचपीला 100 रुपये, म्हणजे तीनवाल्याला 300, पाचवाल्याला 500, साडेसातवाल्याला 750. सगळ्यांना सारखं लावलं तर तीन एचपीवाला तात्या म्हणणारच की माझ्या पैशावर ह्याचा ऊस पोसायलाय का. ज्याची विहीर यंदा आटली त्याचं काय करायचं हे तुम्ही एकट्यानं ठरवू नका, बैठकीत विचारा. माझ्या मते त्याला निम्म्यावर सोडावं.

आणि भाषा सांभाळा. "द्यायचं तर द्या, नाहीतर तुमची केबल काढतो" असं म्हणलं की माणूस स्वतःचा गहू वाळू देईल पण पैसे देणार नाही, आणि हा नुसता हट्ट नाही. अल्टिमेटम गेममध्ये एकानं रक्कम वाटायची, दुसऱ्यानं हो म्हणायचं किंवा नाही, नाही म्हणलं की दोघांना पण शून्य. 1982 पासून हा प्रयोग होतोय आणि वीस टक्क्याच्या खालचा वाटा कितीतरी लोक सरळ लाथाडतात. त्याहून कामाची गोष्ट फाल्क, फेर, फिशबाखर यांनी 2003 मध्ये मांडली: दहातले आठ स्वतःला, दोन समोरच्याला, हाच वाटा. निम्मं-निम्मं करता येत असताना दिला तर 44 टक्के लोकांनी नाकारला, आणि दुसरा पर्याय दहा-शून्य एवढाच होता तेव्हा फक्त 9 टक्क्यांनी. लोक नुसता आकडा बघत नाहीत, तुमच्या हातात काय होतं आणि तुम्ही काय केलं ते बघतात. म्हणून गाडीवाल्यानं किती सांगितले, दुसऱ्यानं किती, आपण कुणाला हो म्हणलं आणि का, हे पैसे मागायच्या आधी सांगा.

न देणाऱ्याचं काय? दंड असला की वर्गणी टिकते हे फेर आणि गेख्टर यांनी 2000 मध्ये दाखवलं, पण 2008 मध्ये सोळा शहरांत तोच खेळ खेळवला तेव्हा काही ठिकाणी लोकांनी देणाऱ्यांनाच दंड ठोकला, मागचा राग काढायला. त्यामुळं दंड एकट्याच्या हातात कधीच देऊ नका. पहिल्यांदा चुकला तर घरी जाऊन दोघांनी समजावा, दुसऱ्यांदा बैठकीत नाव घ्या, तिसऱ्यांदा पुढच्या वेळचा वाटा वाढवा, आणि हे सगळं डीपी चालू असतानाच ठरवून घ्या, जळाल्यावर कुणी ऐकून घेत नाही. उशिरा का होईना पैसे घेऊन आला तर टोमणा न मारता घ्या, आणि त्याचं नाव पण त्याच ग्रुपवर टाका जिथं बाकीच्यांची टाकली. खर्चाच्या पावतीचा फोटो आणि उरलेले पैसे कुणाकडं आहेत ते पण त्याच दिवशी टाका.