जुन्या तैलचित्रावरच नवं चित्र: माझा अनुभव

२००९ साली मी दौलताबादचा किल्ला रंगवला होता. चांद मिनार बरा जमला, पण मागचं आभाळ असलं जांभळं की आई म्हणायची, "आभाळाला मुका मार लागलाय का रे?" यंदा माळ्यावरून चित्र काढलं. कापड धडधाकट होतं, म्हटलं वरूनच रंगवू.

घाई नडली. जुन्या तकतकीत थरावर सरळ ब्रश फिरवला, तर पातळ रंग तेलकट ताटातल्या पाण्यासारखा आकसून ठिपके-ठिपके झाला. त्यात जुन्या ढगाचा जाड कंगोरा नव्या आभाळातून उठून दिसायला लागला. लगेच टर्पेंटाइनच्या फडक्यानं सगळं पुसलं.

मग नीट बसलो. कापडामागे पुठ्ठा धरला आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासला. ओलं घासलं की धूळ उडत नाही. जुन्या पांढऱ्यात शिसं असू शकतं, म्हणून हे महत्त्वाचं. कंगोरा सपाट झाला, चकाकी गेली. दोन दिवस वाळवून जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात दिला आणि जादा तेल टिपून घेतलं. आता रंग धरला. आभाळात टायटॅनियम व्हाइट, म्हणजे खालचं झाकणारा पांढरा रंग, सढळ घातला, कारण तैलरंग वर्षानुवर्षांत पारदर्शक होतो आणि खालचं जांभळं वर डोकावतं. वरून अॅक्रिलिक लावायचा मोह टाळला. तेलावर तो पक्का धरत नाही.

व्हार्निशला सहा महिने थांबणार आहे. तोवर चित्र भिंतीवर, उन्हापासून लांब. उजव्या कोपऱ्यात बोटभर जांभळं मुद्दाम ठेवलंय.