एनबीए संघाचा ८२ सामन्यांचा हंगाम वहीत कसा मांडावा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा संघ ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ८२ सामने खेळतो. नोकरी-धंदा सांभाळून ते सगळे पाहणं जमत नाही, आणि तशी गरजही नाही. एक संघ धरा, एक वही घ्या आणि रोज दहा मिनिटं द्या. उदाहरणाला डेन्व्हर नगेट्सचा २०२२-२३चा हंगाम घेऊ: ५३ विजय, २९ पराभव आणि शेवटी संघाचं पहिलं एनबीए विजेतेपद.

वेळापत्रकाची फोड आधी समजून घ्या. लीगचे ३० संघ पूर्व आणि पश्चिम अशा दोन कॉन्फरन्समध्ये, आणि प्रत्येक कॉन्फरन्स पाच-पाच संघांच्या तीन डिव्हिजनमध्ये वाटलेली असते. आपल्या डिव्हिजनमधल्या चौघांशी प्रत्येकी ४ सामने, म्हणजे १६. कॉन्फरन्समधल्या उरलेल्या दहांपैकी सहा जणांशी प्रत्येकी ४ आणि चौघांशी प्रत्येकी ३, म्हणजे २४ आणि १२. दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या पंधरा संघांशी प्रत्येकी २, म्हणजे ३०. त्यामुळे पूर्वेतले ५० विजय आणि पश्चिमेतले ५० विजय एकाच मापाने मोजू नका. दोघांनी वेगवेगळे प्रतिस्पर्धी झेललेले असतात.

तारीख लिहिताना हमखास घोळ होतो. डेन्व्हरला संध्याकाळी ७ला सुरू होणारा सामना आपल्याकडे हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ७:३०ला दिसतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे जातात, की तोच सामना ६:३०ला. वहीत अमेरिकेची तारीखच लिहा. भारतीय तारीख लिहिली तर बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा खेळाडूवार आकड्यांचा तक्ता, शोधताना दर वेळी एक दिवस चुकतो.

आता रकाने: तारीख, प्रतिस्पर्धी, घरी की बाहेर, मागच्या सामन्यापासून किती दिवस विश्रांती, गुणांचा फरक, कोण खेळलं नाही. एवढे सहा पुरेत. जिंकले की हरले हे फरकाच्या अधिक-उण्यातच कळतं.

सगळ्यात मोलाचा रकाना गुणफरकाचा. दर वीसेक सामन्यांनी त्याची सरासरी काढा, २.७ने गुणा आणि ४१मध्ये (८२चे निम्मे) मिळवा. या खेळाच्या दर्जाने ८२ सामन्यांत साधारण किती विजय मिळायला हवेत, ते हा आकडा सांगतो. डेन्व्हरचा सरासरी फरक +३.३ होता, ४१ + ८.९ म्हणजे सुमारे ५० विजय. प्रत्यक्षात ५३ मिळाले, म्हणजे अटीतटीचे काही सामने त्यांच्या बाजूने गेले. त्याच हंगामात मायामी हीटचा फरक −०.३ होता. हिशेब ४०चा, विजय मात्र ४४. विजयांचा आकडा हिशेबापेक्षा सहा-सात पुढे असेल, तर पुढच्या वीस सामन्यांत घसरणीची तयारी ठेवा.

या सरासरीत एक खोट आहे. वीस गुणांनी पुढे असलेला संघ चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्ये मुख्य खेळाडू बाकावर बसवतो आणि फरक दहावर येतो. म्हणून तिसऱ्या क्वार्टरअखेरचा फरकही कोपऱ्यात टिपून ठेवा.

बॉक्स स्कोअरमध्ये प्रत्येक खेळाडूसमोर प्लस-मायनस असतो: तो मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे गेला किंवा मागे पडला. एका सामन्याचा प्लस-मायनस फसवतो, वीस सामन्यांची बेरीज सहसा फसवत नाही. त्या हंगामात डेन्व्हरचा निकोला जोकिच सरासरी २४.५ गुण, ११.८ रिबाऊंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेला चेंडू) आणि ९.८ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटसाठी दिलेला पास) करत होता, पण तो बाकावर बसला की आघाडी वितळायची. नुसती त्याची कामगिरी पाहणाऱ्याला हे दुखणं दिसत नाही. राखीव खेळाडूंची बेरीज केली की लगेच दिसतं. फेब्रुवारीच्या ट्रेड डेडलाइनला, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या मुदतीला, संघ कुठे हात घालेल, याचा अंदाजही तिथूनच बांधावा. डेन्व्हरने तेव्हा थॉमस ब्रायंट हा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, आणला, तो जोकिच विश्रांती घेतो त्या मिनिटांसाठीच. डेडलाइननंतर वहीत आडवी रेघ मारा आणि सरासरी नव्याने सुरू करा. संघ बदललेला असतो.

मार्च-एप्रिलचे आकडे जपून वाचा. स्थान पक्कं झालेले संघ खेळाडूंना विश्रांती देतात, तळाच्या संघांचं लक्ष ड्राफ्टकडे, म्हणजे पुढच्या हंगामाच्या नव्या खेळाडूंच्या निवडीकडे, असतं. गैरहजेरीचा रकाना भरलेला नसेल तर या काळातले पराभव उगाच घाबरवतात.

घरी-बाहेरचा हिशेब वेगळा मांडा. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये नगेट्सनी ३४ जिंकले, ७ हरले. बाहेर मात्र १९-२२. हे पाहून प्लेऑफमध्ये, म्हणजे ८२ सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्यांत, बाहेर त्यांचं काही खरं नाही असं वाटलं असतं, पण तिथे ते ६-३ राहिले. कारण विश्रांतीच्या रकान्यात सापडतं: ८२ सामन्यांच्या साखळीत सलग दोन रात्री सामने येतात आणि बाहेर असताना त्यात प्रवासाची भर पडते. प्लेऑफमध्ये दोन सामन्यांच्या मध्ये किमान एक दिवस मिळतो. म्हणून बाहेरचे सामने मोजताना शून्य विश्रांतीचे बाजूला काढा, मग उरलेले बघा.

प्रत्येक कॉन्फरन्समधले सातव्या ते दहाव्या क्रमांकाचे संघ प्लेऑफच्या शेवटच्या दोन जागांसाठी प्ले-इन खेळतात. सातवा-आठवा भिडतात, जिंकेल तो सातवा. हरलेला, नववा-दहावा यांच्यातल्या विजेत्याशी खेळतो आणि त्यातून आठवा ठरतो. मायामी पहिला सामना अटलांटाकडून हरला, शिकागोला हरवून आठवा म्हणून आत आला आणि थेट अंतिम फेरीत पोहोचला.

प्लेऑफसाठी वहीचं नवं पान घ्या, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला एक. चार फेऱ्या असतात आणि प्रत्येकीत आधी चार सामने जिंकणारा पुढे जातो, म्हणून विजेतेपदाला १६ विजय लागतात. रचना २-२-१-१-१: पहिले दोन आणि गरज पडल्यास पाचवा व सातवा सामना वरच्या क्रमांकाच्या घरी. अंतिम फेरीत हा मान जास्त विजयांच्या संघाला मिळतो. ५३ विरुद्ध ४४, म्हणून निर्णायक पाचवा सामना १२ जून २०२३ रोजी डेन्व्हरलाच झाला: ९४-८९. आपल्याकडे तेव्हा १३ जूनची सकाळ होती. वहीत १२ जूनच लिहायचं.